घासून परत आलेली समई

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, माजी मुख्याध्यापिका आदरणीय मृणालिनीताई, ज्यांना निरोप देताना आपल्याला अतीव दुःख होत असल्याचं पत्रिकेत छापलं आहे ते सत्कारमूर्ती श्री. हरिश्चंद्रराव पेडणेकर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. सुचेतावहिनी, उद्यापासून ज्यांची झोप उडणार आहे ते नवे सेक्रेटरी रोशन, पारिजात सोसायटीच्या ए आणि बी या दोन्ही विंगांतले बंधुभगिनी, आणि समोरच्या खांबावरून आपल्या सर्वांकडे पापणी न लववता पाहणारा, कुणी न बोलावताही प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर हजर असणारा आपला कॅमेरा, या सर्वांना माझा सविनय नमस्कार.

संपदाने सूत्रसंचालन करताना माझी ओळख ज्येष्ठ पत्रकार आणि संस्कृतचा व्यासंगी अशी करून दिली. ज्येष्ठ हे केसांमुळे. पत्रकार म्हणजे, आपल्या मीरा रोड-भाईंदरमध्ये कुठे गटार तुंबलं, कुठे पाणी आलं नाही, हे साप्ताहिकात लिहिणारा वार्ताहर. आणि व्यासंग म्हणाल, तर लहानपणी आमच्या वडिलांनी मला पाठशाळेत घातलं होतं. तिथल्या शास्त्रीबुवांनी जे घोकून घेतलं त्यातलं बरंचसं विसरलो. एक राहिलं. डोळ्यांना दिसतं ते प्रत्यक्ष, त्यावरून आपण काढतो ते अनुमान, आणि या दोघांची गल्लत केली की शास्त्रीबुवांचा हात आमच्या कानाकडे यायचा. आपल्या सोसायटीत शास्त्रीबुवा नाहीत. आपल्याकडे कॅमेरे आहेत.

आज हरिश्चंद्ररावांचा गौरव करायचा आहे, आणि तो मी मनापासून करणार आहे. हा माणूस सेक्रेटरी झाला तेव्हा आपली लिफ्ट मनात येईल त्या मजल्यावर थांबायची. गच्चीवरची टाकी गळायची. पार्किंगमध्ये कोणीही यायचं, कोणीही जायचं. त्यांनी लिफ्टला शिस्त लावली, टाकीला लावली, मग आपल्याला लावली. आता ते मुलाकडे, अथर्वकडे, पुण्याला कायमचे राहायला निघालेत. पुण्याला शिस्त लावायला माणूस कमी पडत होता असं ऐकून नव्हतो, पण असो.

त्यांच्या कारकिर्दीचा मुकुटमणी म्हणजे ही कॅमेऱ्यांची व्यवस्था. मघाच्या दोन्ही वक्त्यांनी तिचा उल्लेख केला, पण फार घाईने केला. पायाखाली काही असल्यासारखं उडी मारून पुढे गेले. का बरं? मी वार्ताहर आहे, संशयावर माझं पोट चालतं. म्हणून मी तिथेच जरा थांबणार आहे.

आठवतंय ना? पार्किंगमधून कुणाची तरी सायकल गेली, आणि केबिन रोडवरून कॅमेरेवाले मितेशभाई आले. शिडी आली, वायरींची भेंडोळी आली, ऑफिसात एक काळा डबा बसला. कॅमेरे जे पाहतात ते सगळं त्या डब्यात साठतं, आणि डबा भरला की जुनं आपोआप पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. आपल्या मनाला अशी सोय असती तर दोन्ही विंगा एकमेकींशी बोलत्या झाल्या असत्या. डब्याचा पासवर्ड एकट्या सेक्रेटरींकडे. त्यांच्या फोनवर एक ॲप, आणि कुठेही हालचाल झाली की फोन टुणकन वाजायचा. मांजर गेली, टुण्. झेंडा हलला, टुण्. एकदा भर आरतीत वाजला. सगळी आरती थांबली आणि हरिश्चंद्ररावांनी जाहीर केलं की मागच्या भिंतीवर कावळा आहे, काळजीचं कारण नाही.

इथवर मौज होती. पण हळूहळू काय झालं पाहा. पूर्वी शेजारी उशिरा घरी आला तर दुसऱ्या दिवशी आपण विचारायचो, काय हो, तब्येत बरी आहे ना? आता विचारत नाही. आता फूटेज पाहायला मागतो. चपला उलट्या पडल्या, दाखवा फूटेज. जिन्यात शेंगांची टरफलं, दाखवा फूटेज. कुणावर संशय घ्यायला पूर्वी निदान भांडण तरी व्हावं लागायचं.

आता मुद्द्यावर येतो. मृणालिनीताई घड्याळाकडे पाहतायत, ते मला दिसलं. कॅमेऱ्यालाही दिसलं असेल.

दोन्ही विंगांच्या मध्ये, तळमजल्यावर आपलं छोटं गणपतीचं मंदिर आहे. त्याच्या जाळीची किल्ली सुरुवातीपासून हंसाबेनकडे असायची. आज त्या शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसल्या आहेत. ए विंगमध्ये राहतात, एकट्या. रोज पहाटे जाळी उघडायची, ती थेट रात्री बंद करायची, समई लावायची, फुलं वाहायची, आणि जाता-येता जो भेटेल त्याच्या हातावर साखरेचा दाणा ठेवायचा. माझ्या हातावर ठेवताना म्हणायच्या, "भाऊ, आज कोई सारी खबर लखो." आज काहीतरी चांगली बातमी लिहा. साप्ताहिकात तेवढी जागा नसते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एके दिवशी दुपारी ती पितळी समई नाहीशी झाली.

हरिश्चंद्रराव तडक ऑफिसात गेले, डबा उघडला आणि संध्याकाळपर्यंत आपल्या 'पारिजात परिवार' ग्रुपवर व्हिडिओ आला. सगळ्यांनी पाहिलाय. मंदिर मधोमध. तुळशीरामकाका प्रदक्षिणा घालून निघून जातात. मग डोक्यावर पदर घेतलेली एक बाई येते. वरून घेतलेलं चित्र, त्यात ट्यूबलाइटची चकाकी, त्यामुळे चेहरा नाही. ती नमस्कार करते, समई उचलते, पदराखाली घेते आणि ए विंगच्या दिशेने चालू लागते. खाली सेक्रेटरींचं टिपण: 'पदर उजव्या खांद्यावर आहे. ए विंगकडे जाताना स्पष्ट दिसत आहे. सुज्ञांस सांगणे न लगे.'

आता, उजव्या खांद्यावर पदर म्हणजे गुजराती पद्धत, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. ए विंगमध्ये त्या पद्धतीची साडी नेसणारी बाई एकच, आणि किल्लीही तिच्याकडेच. ग्रुपवर कुणी नाव घेतलं नाही. हात जोडलेल्या चित्रांचा मात्र पाऊस पडला. नाव न घेता एखाद्याला संपवायचं असेल तर आपला ग्रुप पाहावा.

मीटिंग भरली. हंसाबेन आल्या. व्हिडिओ पुन्हा लावला. त्यांनी तो उभ्याने पाहिला आणि म्हणाल्या, "ही मी नाय. माझं घर बघा. आत्ता चला सगळे."

कोणी उठलं नाही. मीही उठलो नाही. मला तेव्हा वाटलं, हा आपला सभ्यपणा. आता वेगळाच संशय येतो. घर पाहिलं असतं आणि समई मिळाली नसती, तर आपल्याला संशय सोडावा लागला असता. आणि तोवर तो आपल्याला आवडायला लागला होता.

हंसाबेननी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. हरिश्चंद्ररावांनी ती आपल्या जुडग्यात अडकवली.

त्यानंतर मंदिर कमिटी उघडायची. म्हणजे कधी उघडायची, कधी विसरायची. हंसाबेनच्या हातचा साखरेचा दाणा ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्ला, ती माणसं लिफ्टमध्ये त्या दिसल्या की फोन काढून पाहायला लागली. त्या पुढच्या गेटने येणं-जाणंच सोडून मागच्या, कचऱ्याच्या डब्यांजवळच्या फाटकातून जाऊ लागल्या. तिथे कॅमेरा नाही. यावरही ग्रुपवर एकाने लिहिलं, 'हल्ली काही लोक कॅमेरा टाळून जातायत, नोट करा.' समोरून गेली तर चोर दिसते, मागून गेली तर लपते. या बाईने जायचं तरी कुठून?

आणि मग एके सकाळी समई परत आली. आपल्या जागी, होती तशी.

कमिटी खूश. कॅमेऱ्याचा धाक, चोराला पश्चात्ताप, प्रकरण मिटलं. मी भाबडेपणाने विचारलं, समई ठेवताना कोण दिसलं? कळलं की नेमकं त्या सकाळी रेकॉर्डिंग झालंच नाही. सिस्टीमचं मेंटेनन्स चालू होतं. कावळा आला तरी टुणकन वाजणारी सिस्टीम नेमक्या त्याच सकाळी झोपली. वार्ताहराच्या कानाला अशी वाक्यं फार गोड लागतात.

मी जाऊन समई पाहिली. 'होती तशी' हे खरं नव्हतं. ती घासलेली होती. नुसती घासलेली नाही, चिंच लावून, पायाच्या खाचांतली काजळीसुद्धा काढून, आरशासारखी लख्ख. पाची वाती नव्या. तेल काठोकाठ. आणि बुंध्याशी हळदकुंकवाची दोन बोटं.

तुम्हीच सांगा, कोणता चोर चोरीचा माल घासून, तेल भरून परत आणून ठेवतो? असं कोण करतं, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. शेजारणीकडून उसनं आणलेलं भांडं आपण कसं परत करतो? घासून. आणि रिकामं करत नाही. म्हणजे समई चोरीला गेली नव्हती. कुणीतरी उसनी नेली होती. देवाकडून नेली, म्हणून विचारायला माणूस समोर नव्हतं, इतकंच. आता, जिने ती उसनी नेली, तिने परत आणून ठेवल्यावर एवढं सांगायला काय हरकत होती? परत करणारीला तोंड लपवावं लागावं, असं मधल्या काळात काय घडलं होतं?

हे माझं अनुमान. प्रत्यक्ष पुरावा माझ्याकडे नव्हता. तो दिला तुळशीरामकाकांनी, आणि तोही हंसाबेनसाठी नव्हे.

तुळशीरामकाका जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातले, दोन वर्षांपूर्वी मुलासोबत आपल्याकडे राहायला आले. ते स्वतः मोबाइल वापरत नाहीत, मीटिंगलाही नव्हते. पुतणीच्या लग्नात पाहुण्यांनी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. पाहुणे हसत होते. काका तसेच लग्नातल्या कपड्यांत ऑफिसात आले. काका, तुम्ही आत्ताही हसताय, पण त्या दिवशी तुमच्या मुठीने टेबल हललं होतं.

त्यांचं म्हणणं एवढंच, की व्हिडिओत ते देवाला उलटी प्रदक्षिणा घालताना दिसतात. "मी येडा हाय का? जल्माला आल्यापासून देवाला उजवा घातला. माझा फेरा उलटा न्हाय. तुमचा टीव्ही उलटा हाय."

देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा, हे पाठशाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला होता. आम्ही सगळ्यांनी. पण आम्ही बाई पाहत होतो. तुळशीरामकाकांनी फक्त स्वतःला पाहिलं, आणि त्यामुळे त्यांना खरं दिसलं.

मितेशभाईंना बोलावलं. ते शिडीवर चढले आणि वरूनच हसायला लागले. झालं होतं असं, की छताच्या पीओपीची नक्षी खराब होऊ नये म्हणून तो एक कॅमेरा बीमखाली डोकं खाली करून टांगलेला. फोटो हातात धरून उलटा फिरवला की वरचं खाली जातं आणि त्याचबरोबर डावं उजवीकडे जातं. दोन्ही सरळ करायला दोन सेटिंगं लागतात. एक केलं, दुसरं राहिलं. माणसं पायांवर उभी दिसायला लागली, पण आरशातली. दोन्ही विंगा बिल्डरने एकाच साच्यातून काढलेल्या, त्यामुळे मागची भिंत पाहून कुणाला शंका आली नाही. आरशात डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर दिसतो. बी विंगकडे जाणारी बाई ए विंगकडे जाताना दिसते.

खाली उतरून मितेशभाई आणखी एक वाक्य बोलले. "पत्रकार साहेब, मी तर सेक्रेटरी साहेबला तेव्हाच बोललेलो, एक सेटिंग बाकी आहे, परत येतो. साहेब बोलले, सगळे सीधे दिसतायत, बस झालं."

सेटिंग बदललं. ग्रुपवर संदेश आला: 'कॅमेऱ्यातील तांत्रिक अडचण दूर केली आहे. सहकार्याबद्दल आभार.' संपलं. व्हिडिओ सरळ करून कुणी पुन्हा टाकला नाही. बी विंगची मीटिंग कुणी बोलावली नाही. हंसाबेनच्या दारावर कुणी टकटक केलं नाही. आमच्या बी विंगमध्ये तर अशी शांतता, की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी संशयास्पद वाटावी. मी घरात आमच्या मंडळींकडे निरखून पाहायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही माझ्याकडे असे का बघताय? मी म्हटलं, प्रेमाने. त्याचा त्यांना जास्तच संशय आला.

हरिश्चंद्रराव, तुम्ही बसा. पाणी घ्या. तुमच्या गौरवाकडेच येतोय.

आपण दोघे एकाच बी विंगमधले, म्हणून सांगतो, या सोसायटीत तुमच्याइतकं बारकाईने पाहणारा माणूस नाही. माणूस वळणावर असताना, नुसत्या पावलांवरून तुम्ही ओळखता कोण आलं. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, हे मला तुम्ही फोन करून सांगितलं होतं. म्हणून मला एकच प्रश्न पडतो. त्या व्हिडिओत एक बाई चालते. डावा पाय, म्हणजे आरसा सरळ केला तर उजवा, टेकताना किंचित थांबून, खांदा थोडा वर उचलून. ते चालणं तुम्ही ओळखलं नाहीत? शक्यता दोनच. ओळखलं असेल, तर ते टिपण लिहिणारा हात कसा धजला? किंवा खरंच ओळखलं नसेल. सगळ्यांच्या चालण्यावर नजर ठेवता ठेवता एकाच माणसाकडे पाहायचं राहून गेलं असेल. नवऱ्यांच्या बाबतीत ही दुसरी शक्यता मला जास्त बळकट वाटते. पण मग मेंटेनन्सची ती सकाळ उरतेच.

मला उत्तर नको. माझ्याकडे पुरावा नाही, आणि निरोपसमारंभ म्हणजे कोर्ट नव्हे. मला एवढंच म्हणायचंय, की आज इथे मृणालिनीताईंनी दीपप्रज्वलन केलं ते त्याच समईने. ती समई व्यासपीठावर आहे आणि रोज जिने ती लावली ती शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. आज तुम्ही रोशनला कारभाराच्या किल्ल्या देणार आहात. त्या जुडग्यात एक छोटी किल्ली अशी आहे, की...

वहिनी, काही हवंय का? पाणी इथेच आहे.

नाही? बरं. संपदा, माईक चालू राहू दे. जरा वाट द्या, खुर्च्या सरका. वहिनी मागे निघाल्यात.

मी काही बोलत नाही. तुम्हीही कुजबुजू नका. फक्त पाहा. उजवा पाय, किंचित थांबणं, खांदा वर. पदर डाव्या खांद्यावर. आज त्यांच्या आणि आपल्या डोळ्यांच्या मध्ये कुठलाही कॅमेरा नाही.

पुढच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. ही माझ्या धंद्याची सवय आहे. वहिनी हंसाबेनना म्हणाल्या, "समई मी नेली होती. डोंगरीला बहिणीकडे पूजा होती, जोडीला एक समई कमी पडत होती. तुम्ही दिसला नाहीत, म्हणून न विचारता नेली. परत आले, फोन उघडला तर ग्रुपवर मीच होते. आणि खाली यांनी लिहिलेलं तुमच्यावर."

हंसाबेन काय म्हणतायत? जरा शांतता हवी. "मने खबर हती, सुचेताबेन." म्हणजे, मला माहीत होतं. त्या म्हणतात, समई आली त्याच दिवशी कळलं. या बिल्डिंगमध्ये खाचेतली काजळी काढणारी दुसरी कोण आहे? पण मी बोलले असते तर तुमच्या घरात काय झालं असतं?

म्हणजे नाव माहीत असून दुसऱ्याच्या घरासाठी गप्प राहिली ती एकटी तीच, जिचं नाव आपण सगळे न घेता घेत होतो.

हरिश्चंद्रराव उभे राहिलेत. माईक हवाय? नको? ते माईकशिवायच बोलले, ते मी सांगतो, कारण मागे पोचलं पाहिजे. ते म्हणाले, "त्या सकाळचं रेकॉर्डिंग मी बंद केलं होतं. हिने आदल्या दिवशी मला सांगितलं. मीटिंगमध्ये मात्र मी ओळखलं नव्हतं, देवाशप्पथ."

शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवावं. मी ठेवतो, माझंही लग्न झालेलं आहे. पहिल्या दोन वाक्यांसाठी मात्र, हरिश्चंद्रराव, मी इतका वेळ बोलत होतो.

ते जुडग्यातून छोटी किल्ली सोडवतायत. कडी घट्ट आहे, नखाने निघत नाही. रोशन, मदत करू नकोस. त्यांचं त्यांना काढू दे. ही शाल, हा नारळ, हे मानपत्र, यांच्याआधी त्यांना हे एक काम संपवायचं आहे. आणि किल्ली इथूनच हातोहात मागे पाठवायची नाही. त्यांनी स्वतः चालत जायचं आहे, पुढच्या वाटेने, कॅमेऱ्याच्या समोरून.

ते गेले. किल्ली दिली. हंसाबेननी ती कमरेला खोचली. साखर आणली नसेल ना, हंसाबेन? उद्या पहाटे घेऊ.

आता मी थांबतो. बोलायची संधी दिल्याबद्दल कमिटीचे आभार. कमिटीला आता ती दिल्याचा पश्चात्ताप होत असेल, त्याबद्दलही आभार. घड्याळाकडे पाहूनही मला न थांबवणाऱ्या मृणालिनीताईंचे आभार. आपल्या एका फेऱ्याचा अपमान सहन न करणाऱ्या तुळशीरामकाकांचे तर सर्वांत जास्त. हरिश्चंद्रराव आणि सुचेतावहिनींना पुण्यात सुखाचं आयुष्य लाभो, शेजार चांगला मिळो, आणि त्या शेजारात पाहणारे डोळे कमी असोत. मी जे बोललो त्याचं रेकॉर्डिंग वर चालूच आहे. ते कुणी मेंटेनन्सला देऊ नये, एवढी रोशनला विनंती. आनंदाच्या प्रसंगी नको तिथे बोट ठेवलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर माझ्या चुका आपण सर्वांनी पदरात घ्याव्यात. तो कोणत्या खांद्यावरचा आहे, हे मी विचारणार नाही. नमस्कार.